झोपलेला वेढा

३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. नव्वद किलोच्या माणसाला मी अजून बारक्या म्हणते म्हणून तुझी बायको हसते. हसू दे. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि ठेवलास की विसरतोस, म्हणून लिहिते आहे. शिवाय अण्णांचा गॅरेजातला नियम होताच, माप तोंडी सांगायचं नाही.

ह्यांचं मणक्याचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. दर बुधवारी व्यायामासाठी त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. जायला चाळीस, यायला चाळीस किलोमीटर. गाडी मीच चालवते. गाडी कसली, डबा आहे. आधीच्या मालकाने पोती वाहायला म्हणून मागे जाड तारेच्या कडक स्प्रिंगा बसवल्या आहेत. रस्त्यातला खडासुद्धा पाठीला कळतो. हे मागच्या सीटवर आडवे पडतात आणि वर्तमानपत्राच्या कडेला धक्के मोजून रेघा मारतात. गेल्या बुधवारी एकशे बारा. "सव्वीस वर्षं बस चालवली, पण एवढे शिव्याशाप कधी कुणाचे घेतले नाहीत," म्हणाले. चेष्टा करतात, पण उतरताना ओठ पांढरे पडलेले असतात.

डॉक्टरांनी परवा मला बाजूला घेतलं. असेच धक्के बसत राहिले तर मणक्यातले स्क्रू सैल होतील, आणि मग पुन्हा ऑपरेशन करूनही चालता येईल याची खात्री देणार नाही म्हणाले. व्यायाम थांबवला तरी पाय जातील. इकडे आड, तिकडे विहीर.

या गाडीच्या मूळ स्प्रिंगा कुठे मिळत नाहीत, कंपनीनेच मॉडेल बंद केलं. इथले मेकॅनिक खांदे उडवतात. दुसऱ्या एखाद्या गाडीच्या मऊ स्प्रिंगा हिला बसवता येतील का? अण्णांनी अशा कितीतरी बसवल्या. तू त्यांच्याच हाताखाली शिकलास. मापं मागच्या पानावर लिहिली आहेत, दोनदा घेतली आहेत.

घाई कर असं म्हणणार नाही. पाण्याच्या पंपासाठी अण्णांच्या मागे लागले आणि वडिलांना मुकले, तेव्हापासून मी कुणाला घाई करायला सांगत नाही, तुला माहीतच आहे. पण जमेल तितक्या लवकर लिही.

तुझी,
ताई

&nbsp;

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. पत्र मिळालं. भाऊजींचं वाचून वाईट वाटलं. काळजी करू नकोस, काम होण्यासारखं आहे.

माझ्याकडे एक जोडी पडून आहे. तुझ्या गाडीपेक्षा तार दोन मिलिमीटरने बारीक, म्हणजे मऊ. आतलं माप वरच्या बाजूला बरोबर बसतं, खालच्या बाजूला बसत नाही. खाली स्प्रिंग बसायला लेथवाल्याकडून दोन वाट्या करून घ्याव्या लागतील, चित्र काढून दिलं आहे. वाटीच्या तळाला उतार हवा, सपाट केली तर स्प्रिंग तिरकी उभी राहील.

उंचीला त्या जास्त आहेत. खालून कापायच्या. आता नीट वाच. खालचा झोपलेला वेढा, म्हणजे टोकाचा आडवा पडलेला, सोडून द्यायचा, तिथून पुढे सव्वा वेढा मोजायचा, खडूने खूण करायची आणि तिथे कापायचं. झोपलेला धरायचा नाही. कापल्यावर जे टोक येईल ते वाटीच्या उतारावर बसेल, तोच नवा झोपलेला. जास्त कापू नकोस. लोकांना वाटतं वेढा कमी केला की स्प्रिंग मऊ होते, होतं उलट, कडक होते. सव्व्यापर्यंत चालेल.

कापायचं ते कटरच्या चाकाने, थांबत थांबत, ओल्या फडक्याने गार करत. गॅसच्या ज्योतीने नाही. काही झालं तरी गॅसने नाही.

स्प्रिंगांचं पोतं पार्सलने पाठवतो आहे. बांधलेलं होतं तसंच पाठवतो. मापं अण्णांच्या वहीतली आहेत, बरोबर आहेत.

गॅरेज ठीक चाललं आहे. आई बरी आहे, गुडघे दुखतात.

तुझा,
बारक्या

&nbsp;

१ मार्च

प्रिय बारक्या,

पोतं मिळालं. हमालाने दारात आदळलं तेव्हा ह्यांना वाटलं मी जिन्यावरून पडले.

अरे, सोडून पाहते तर काय, झोपलेल्या वेढ्यावर कानशीच्या तीन बारीक रेघा! दोन्ही स्प्रिंगांवर. मी तिथेच फरशीवर बसले. अण्णा गाडीखालून बाहेर यायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "खूण आज नाही. हजार किलोमीटर पळू दे, उंची तीच राहिली तर खूण." आणि खूण झोपलेल्यावरच, कारण त्याच्यावर जोर येत नाही, बाकीच्या तारेला ओरखडासुद्धा चालत नसे. गिऱ्हाईक हजार किलोमीटरने परत आलं नाही तर अण्णा स्वतः त्याच्या घरी टेप घेऊन जायचे. आई डोक्याला हात लावायची.

खुणेच्या बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत गेल्या, म्हणजे या अण्णांच्या गाडीच्या, आपल्या पांढरीच्या मागच्या स्प्रिंगा. तू तर सांगितलं होतंस की पांढरी आहे तशी भंगारात गेली. मला आवडलं असतं रे, आधी सांगितलं असतंस तर. पण मिळाल्या याचाच आनंद. अण्णांच्या स्प्रिंगांवरून हे दवाखान्यात जाणार, याहून काय हवं?

लेथवाला वाट्या करून देतो म्हणाला. मात्र "झोपलेला वेढा" ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या लेखी वेढा म्हणजे वेढा, टोकापासून मोजायला सुरुवात. मी म्हटलं, मोजणी माझी, तू फक्त वाट्या कर.

एक विचारायचं राहिलं. पोत्यात तिसरीही होती. मोडलेली, दोन तुकडे. मोठा तुकडा आणि चार बोटांएवढा लहान. तिच्यावर खुणा नाहीत. ही कोणत्या गाडीची? लहान तुकड्यावरचा काळा रंग नखाने निघाला, आणि खाली लोखंड निळं-जांभळं आहे. अण्णांच्या गॅरेजात निळं लोखंड मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून विचारते.

हे धक्क्यांच्या रेघा मारतातच आहेत. या बुधवारी एकशे अठरा.

ताई

&nbsp;

८ मार्च

ती. ताईस,

सा. न. ती तिसरी रद्दी आहे. कुठल्यातरी गाडीची असेल, पोत्यात चुकून राहिली. भंगारवाल्याला देऊन टाक, घरात ठेवू नकोस, गंज हाताला लागतो. तू उगाच नको तिथे वेळ घालवते आहेस. वाट्या झाल्या की कापून बसवून टाक. भाऊजींना त्रास होतो आहे ना?

बारक्या

&nbsp;

२० मार्च

बारक्या,

वाट्या होऊन आठ दिवस झाले. स्प्रिंगा कापल्या नाहीत.

गेल्या बुधवारी परत येताना ह्यांनी रेघा मारल्या नाहीत. कागद छातीवर तसाच. गाडी थांबवून विचारलं तर म्हणाले, डाव्या पायाची बोटं कळत नाहीत. संध्याकाळी कळायला लागली. मी माजघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तेव्हा समजू नकोस की मी चैन म्हणून पत्रं लिहिते आहे.

पण अर्धवट माहितीवर मी ह्यांना कुठल्याही स्प्रिंगवर बसवणार नाही. तू चार ओळी लिहिल्यास, त्यात एकदाही माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाहीस. पत्रातही कळतं ते. लहानपणी बरणी फोडलीस की असाच बोलायचास, भराभर, आणि शेवटी समोरच्याचीच काळजी दाखवायचास.

मी तिसरी स्प्रिंग मोजली. वही नाही माझ्याकडे, पण पांढरीच्या पुढच्या चाकात मी लहानपणी किती वेळा डोकं घातलं आहे! ती पांढरीच्या पुढच्या चाकाच्या वाटीत बसणारी आहे. टोक गॅसने कापलेलं आहे. आणि ती मोडली आहे ती त्याच निळ्या जागेत. गॅसने तापलं की लोखंडातला जीव जातो, हे अण्णांनी तुला आणि मला एकाच दिवशी दाखवलं होतं. तार तापवली, गार केली, वाकवली, आणि ती बिस्किटासारखी तुटली. तू रडला होतास.

मला अण्णांची हकीकत सांगितली गेली ती अशी. चालवता चालवता छातीत कळ आली, गाडी वळणावर झाडावर गेली. मी तेच सहा वर्षं धरून बसले आहे.

एकच विचारते. ही स्प्रिंग कधी मोडली?

ताई

&nbsp;

१९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. महिना झाला. चार पत्रं फाडली. हे पाचवं.

त्याच दिवशी मोडली.

पांढरीच्या पुढच्या स्प्रिंगा दबून बसल्या होत्या. अण्णांनी एका मोडीत निघालेल्या गाडीच्या दोन आणून ठेवल्या आणि मला सांगितलं, दीड वेढा काप. ते तुझ्याकडे पंप बघायला येणार होते, रविवारी. शनिवारी दुपारी मी कापायला बसलो आणि झोपलेला धरून मोजला. माझं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत कधी चुकलो नव्हतो, त्या दिवशी चुकलो. बसवून पाहिलं तर गाडीचं नाक वर. पुन्हा काढल्या. अजून एक वेढा कापायचा, आणि कटरचं चाक पार झिजलेलं. दुकान बंद. अण्णा म्हणाले, "राहू दे, सोमवारी चाक आण. ताईला सांगतो पुढच्या आठवड्यात येतो म्हणून." आणि जेवायला गेले.

मला ते लागलं. चुकलो म्हणून. त्यांच्यादेखत झोपलेला मोजला म्हणून. ते येईपर्यंत काम झालेलं दाखवायचं होतं. गॅस हाताशी होता. दोन मिनिटांत दोन्ही कापल्या, पाण्यात बुडवल्या, काळा रंग मारला आणि चढवल्या.

ते आले, वाकून पाहिलं. गाडी बरोबर उभी होती. विचारलं, "चाक मिळालं का?"

मी म्हणालो, "हो."

ताई, बाकी सगळं मी कसंबसं गिळलं आहे, हे "हो" गिळता येत नाही. त्यांनी रंगावर नखसुद्धा लावलं नाही. लेथवाल्याचं काम ते तीनदा तपासायचे, माझं तपासलं नाही.

रविवारी तुझ्याकडे येताना वळणावर डावी मोडली. पोचलो तेव्हा ते गेलेले होते. गाडीखाली वाकून फक्त मी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारा माणूस, छातीत कळ आली असेल. मी मान हलवली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. मोडकी काढून घेतली, कुणी बघू नये म्हणून. मागच्या दोन काढल्या, त्यांच्या खुणा होत्या म्हणून. बाकीची गाडी भंगारात गेली. पोतं बांधलं ते तुला पाठवेपर्यंत सोडलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. दोनच काढून पाठवता आल्या असत्या. हात घालवला नाही. तुला कळावं असं वाटत होतं की काय, मलाच सांगता येत नाही.

तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होतीस, "मी पंपासाठी मागे लागले नसते तर एवढा प्रवास केला नसता." मी दारात उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं.

गॅरेज ठीक चाललं आहे हेही खोटं. सहा वर्षांत मी एकही स्प्रिंग कापलेली नाही. पंक्चर काढतो, ऑइल बदलतो. गॅसची टाकी परत करून टाकली.

त्या मागच्या दोन्ही अण्णांच्या हातच्या आहेत, त्यांना मी कधी हात लावलेला नाही. त्या बसव. भाऊजींना त्यांच्यावर खुशाल बसव. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्प्रिंगांवर ठेव.

बारक्या

&nbsp;

१२ मे

बारक्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पंप बंद केला आणि दिवसभर पाणी भरलं नाही. त्याचा आवाजच ऐकवेना. तो पंप नंतर एका माणसाने दहा मिनिटांत नीट केला होता. एक वायसर गेला होता. एका वायसरसाठी मी बापाला मारलं, असं सहा वर्षं मनात म्हणत आले. भांडी घासताना म्हटलं, गाडी चालवताना म्हटलं. ह्यांना म्हटलं, तुमच्या ऑपरेशनचीही मी घाई करणार नाही, आणि दोन महिने उशीर केला. त्या उशिराने मणका आणखी बिघडला, हे डॉक्टर म्हणाले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता ऐक.

तू चुकलास, मोजणीत चुकलास, गॅसने कापलंस, ते मी समजू शकते. तेवीस वर्षांचा होतास आणि तुला शाबासकी हवी होती. पण मला दारातून बघत राहिलास ते मला समजत नाही.

ह्यांना पत्र वाचायला दिलं. वाचून घडी घालून परत दिलं. मग म्हणाले, "एका मोठ्या खड्ड्यात मी सगळी बस घातली होती एकदा, आणि डेपोत सांगितलं टायर फुटला. कुणाला लागलं नाही म्हणून मी चांगला माणूस राहिलो." मी त्यांच्यावरही चिडले. मला आत्ता कुणाचं शहाणपण नको आहे.

स्प्रिंगा अजून कापलेल्या नाहीत. लेथवाल्याला मी मोजून खडूची खूण करून दिली, तरी त्याने टोकापासून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमची खूण चुकली आहे." मी स्प्रिंगा उचलून घरी आणल्या. दोनच आहेत. कापलेला वेढा परत जोडता येत नाही. माझा स्वतःचा हात धजत नाही, कटर मी आयुष्यात धरलेला नाही.

झोपलेला वेढा कोणता हे आता या जगात दोनच माणसांना कळतं.

तेव्हा तू ये. नवं चाक घेऊन ये. माझ्यासमोर मोज, मोठ्याने, आणि माझ्यासमोर काप. आणि निघण्याआधी आईला सगळं सांगून ये. ते मी तुझ्यासाठी करणार नाही.

या वेळी घाई कर.

ताई

&nbsp;

१९ मे

ती. ताईस,

सा. न. काल आईला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही. नंतर आत गेली आणि दार लावून घेतलं.

चाकं तीन घेतली आहेत. शुक्रवारच्या गाडीने निघतो.

बारक्या

&nbsp;

६ जून

बारक्या,

घरी परत पोचल्याचं कळवलं नाहीस. आईने फोनवर सांगितलं की पोचलास. जेवायला वाढते पण बोलत नाही म्हणाली, स्वतःच. ती बोलेल किंवा नाही बोलणार, तिथे माझं काही चालणार नाही.

परवाचा बुधवार सांगते. जाताना चौदा, येताना सतरा. एकूण एकतीस. हे म्हणतात, त्यातले अकरा स्प्रिंगांचे नसून माझ्या चालवण्याचे. कागद जपून ठेवला आहे. डाव्या पायाची बोटं दिवसभर कळत होती. व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, आज आडवे न पडता बसून आलात का? हे ऐटीत म्हणाले, "सासऱ्यांच्या गाडीतून आलो." ती काही समजली नाही.

तू अंगणात कापत होतास तेव्हा मी स्प्रिंग दाबून धरली होती. पाच वेळा थांबलास. ओलं फडकं लावून लोखंडावर हात ठेवून बघत होतास, गरम तर नाही ना. मोजलंस तेव्हा झोपलेल्यावर बोट टेकवून "हा नाही" म्हणालास, अगदी अण्णांच्या आवाजात. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मला तुझ्यापुढे रडायचं नव्हतं.

त्यांच्या खुणांचे तुकडे कापून पडले ते मी उचलून खिडकीत ठेवले आहेत. मोडलेली तिसरी मात्र भंगारात दिली. निळा तुकडा तू मागत होतास, तोही दिला. तो रोज समोर ठेवून काही होणार नाही.

गाडी खाली उतरवल्यावर तू पिशवीतून कानस काढलीस, हातात धरून उभा राहिलास आणि परत ठेवलीस. बरं केलंस. निघताना दारात विचारलंस, "ताई, मला माफ केलंस का?" मी तुझा डबा बांधत राहिले. काही दिवस वाटतं केलं, आणि मग पंप सुरू होतो.

म्हणून माफीलाही अण्णांचंच माप लावायचं ठरवलं आहे. खूण आज नाही. दर बुधवारी ऐंशी किलोमीटर होतात. हजार व्हायला अजून वेळ आहे. झाले की कळवीन, तू टेप घेऊन ये. उंची तीच राहिली असेल तर दोन्ही स्प्रिंगांवर रेघा तूच मार, झोपलेल्या वेढ्यावर, मी बाजूला उभी राहीन. कानस शोधत असशील तर शोधू नकोस, तुझ्या पिशवीतून मी काढून घेतली आहे. तिला तेल लावून अण्णांच्या तुकड्यांशेजारी ठेवली आहे.

आजवर एकशे साठ झाले.

ताई